पिण्याच्या पाण्याचे गाळण

पिण्याच्या पाण्याचे गाळण म्हणजे कापड, वाळू, भाजलेली माती, कोळसा किंवा कृत्रिम पटल अशा सच्छिद्र माध्यमातून पाणी जाऊ देऊन त्यातील गाळ, परजीवी, सूक्ष्मजीव आणि काही प्रकारांत विरघळलेले क्षारही वेगळे करण्याची प्रक्रिया होय. जलशुद्धीकरणाच्या निवळणे, गाळणे आणि निर्जंतुकीकरण या तीन प्रमुख टप्प्यांपैकी हा मधला टप्पा आहे. अतिसार, पटकी, विषमज्वर, कावीळ आणि नारू या रोगांच्या नियंत्रणात गाळणाचा मोठा वाटा आहे. तथापि गाळलेले प्रत्येक पाणी पिण्यास सुरक्षित असतेच असे नाही. कोणते माध्यम कशास अडवते आणि कशास अडवू शकत नाही, यावर त्याचा आरोग्याला होणारा लाभ अवलंबून असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार असुरक्षित पिण्याचे पाणी, अपुरी शौचव्यवस्था आणि हातांची अस्वच्छता यांमुळे होणाऱ्या अतिसाराने जगात दरवर्षी सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडतात. २०२२ मध्ये जगातील किमान १७० कोटी लोक विष्ठेने दूषित झालेल्या स्रोतांचे पाणी पीत होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी सुरक्षित पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले.

पाण्यातील दूषितके

पिण्याच्या पाण्यातील दूषितके दोन गटांत मोडतात. पहिला गट जैविक दूषितकांचा. यात जीवाणू, विषाणू, आदिजीव आणि कृमी यांचा समावेश होतो. ती बहुधा मानवी किंवा प्राण्यांच्या विष्ठेतून पाण्यात येतात आणि त्यांचा परिणाम काही तासांत ते काही आठवड्यांत दिसून येतो. दुसरा गट रासायनिक दूषितकांचा. फ्लोराईड आणि आर्सेनिक हे पदार्थ प्रामुख्याने भूगर्भातील खडकांतून, तर नायट्रेट हे मुख्यतः खते आणि सांडपाण्यातून पाण्यात उतरते. फ्लोराईड आणि आर्सेनिक यांचा अपाय अनेक वर्षांच्या सेवनानंतर प्रकट होतो.

आकाराच्या दृष्टीने या दूषितकांत प्रचंड अंतर आहे. नारूच्या जंतूंचा वाहक असलेला सायक्लॉप्स हा जलचर सुमारे एक मिलिमीटर लांबीचा असतो व स्वच्छ पाण्यात नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसू शकतो. जिआर्डिया या आदिजीवाची पुटी साधारण १० मायक्रोमीटर, तर क्रिप्टोस्पोरिडियमची ४ ते ६ मायक्रोमीटर असते. बहुतेक रोगकारक जीवाणूंची लांबी ०.५ ते ५ मायक्रोमीटर असते. विषाणू याहून कितीतरी लहान असून कावीळ घडवणारे विषाणू सुमारे ०.०३ मायक्रोमीटरचे असतात. विरघळलेले क्षार तर आयनांच्या रूपात असल्याने कापड, वाळू किंवा माती यांच्या गाळणीतून सहज पार होतात. स्वच्छ दिसणाऱ्या, चवीला गोड लागणाऱ्या पाण्यातही रोगजंतू किंवा आर्सेनिक असू शकते, याचे कारण यात आहे.

इतिहास

पाणी गाळून पिण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याच्या साधनांत कतक, म्हणजे निवळीचे बी, आणि वस्त्र यांचा उल्लेख आढळतो. जैन धर्मात अहिंसेच्या तत्त्वानुसार पाणी वस्त्राने गाळूनच वापरण्याचा नियम आहे. या प्रथांमागे रोगजंतूंची कल्पना नव्हती. तरी पाण्यातील लहान जीव आणि गाळ त्यामुळे दूर होत असे.

संपूर्ण गावाला गाळलेले पाणी पुरवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे १८०४ मध्ये वाळूची गाळणी बांधण्यात आली. जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी जलकंपनीसाठी मंद वाळू गाळणी उभारली. १८५२ च्या कायद्याने लंडनमधील जलकंपन्यांना नागरिकांच्या घरी दिले जाणारे नदीचे पाणी गाळणे बंधनकारक झाले. १८५४ मध्ये जॉन स्नो या वैद्याने सोहो भागातील पटकीच्या साथीचा संबंध ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याशी असल्याचे दाखवून दिले. पटकी दूषित हवेमुळे होते, असा त्या काळी प्रबळ समज होता.

गाळणाच्या उपयोगाचा सर्वांत ठळक पुरावा १८९२ मध्ये जर्मनीत मिळाला. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही शहरे एल्ब नदीकाठी एकमेकांना लागून वसलेली होती. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता पुरवत असे. आल्टोना प्रवाहाच्या खालच्या बाजूस असल्याने त्याला हॅम्बुर्गच्या सांडपाण्याने दूषित झालेले पाणी मिळे. परंतु ते वाळूतून गाळले जात असे. त्या वर्षीच्या पटकीच्या साथीत हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० लोक मरण पावले, तर आल्टोना बऱ्याच अंशी बचावले. दोन्ही शहरांची हवा, माती आणि राहणीमान सारखेच होते. फरक केवळ पाण्याचा होता. पटकीच्या जीवाणूचा अभ्यास करणारे रॉबर्ट कॉख यांनी या घटनेची तपासणी करून गाळणाचे महत्त्व प्रतिपादन केले.

गाळणाला क्लोरीनची जोड विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाली. अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ मध्ये शहराच्या पाण्याचे नियमित क्लोरिनीकरण सुरू झाले आणि ही पद्धत पुढे जगभर पसरली.

गाळणीचे प्रकार व कार्य

मंद वाळू गाळणीत बारीक वाळूच्या जाड थरातून पाणी अत्यंत संथपणे झिरपते. हा वेग ताशी ०.१ ते ०.४ मीटर इतका असतो. काही दिवसांनी वाळूच्या पृष्ठभागावर शैवाल, जीवाणू आणि आदिजीव यांचा बुळबुळीत थर तयार होतो. जंतू अडवण्याचे मुख्य काम हा जिवंत थर करतो. तो तयार होण्यापूर्वी गाळणी पूर्ण कार्यक्षम नसते, म्हणून नव्या किंवा नुकत्याच साफ केलेल्या गाळणीचे पाणी काही काळ वापरले जात नाही. थर पक्व झाल्यावर या गाळणीतून बहुतांश जीवाणू अडवले जातात.

शीघ्र वाळू गाळणीचा वेग ताशी ५ ते १५ मीटर असून कमी जागेत मोठ्या शहराची गरज ती भागवू शकते. यात आधी पाण्यात तुरटी मिसळली जाते. तुरटीमुळे सूक्ष्म कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात व तळाशी बसतात. उरलेले पुंजके वाळूत अडकतात. वाळू तुंबली की खालून वर उलटा प्रवाह सोडून ती धुतली जाते. ही गाळणी जंतू अडवण्यात मंद गाळणीपेक्षा कमी प्रभावी असल्याने तिच्यानंतर क्लोरिनीकरण अनिवार्य ठरते.

गाळण आणि क्लोरीन ही एकमेकांना पूरक आहेत. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात आणि क्लोरीनही सेंद्रिय पदार्थांवर खर्च होऊन जातो. म्हणून पाणी आधी गाळून नंतर त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीनचा काही अंश पाण्यात शिल्लक राहून नळापर्यंतच्या वाटेतही संरक्षण देतो. उलट, क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुटी क्लोरीनला दाद देत नाहीत; त्यांना गाळणीनेच अडवावे लागते. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात एका जलशुद्धीकरण केंद्रातील गाळण अपुरे पडल्याने अंदाजे ४ लाख लोकांना या परजीवीमुळे अतिसार झाला. त्या पाण्यात क्लोरीन होता.

आरोग्यावरील परिणाम

सुरक्षित पाण्याचा सर्वाधिक लाभ पाच वर्षांखालील बालकांना होतो. वारंवार होणाऱ्या अतिसारामुळे बालकाच्या शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात आणि वेळीच जलसंजीवनी न मिळाल्यास मृत्यू ओढवू शकतो. मायकेल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विविध देशांतील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून पाण्याच्या शुद्धीकरणामुळे बालमृत्यूची शक्यता सुमारे एक-चतुर्थांशाने घटते, असा निष्कर्ष काढला. दुसरीकडे, बांगलादेश आणि केनिया येथील मोठ्या चाचण्यांत केवळ पाण्याच्या शुद्धीकरणामुळे मुलांच्या उंचीत वाढ दिसून आली नाही. शुद्ध पाणी मृत्यू आणि आजार टाळते. खुरटलेली वाढ रोखण्यासाठी मात्र पोषण आणि परिसराची स्वच्छता यांचीही आवश्यकता असते, असा याचा अर्थ लावला जातो.

गरोदर स्त्रियांसाठीही पाण्याची शुद्धता निर्णायक ठरते. हिपॅटायटिस ई या विषाणूमुळे होणारी कावीळ इतरांमध्ये बहुधा आपोआप बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती प्राणघातक ठरू शकते. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची मोठी साथ येऊन सुमारे २९ हजार लोकांना लागण झाली. यमुनेचे पात्र सरकल्याने नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझीराबाद येथील शहराच्या पाणी उपसण्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचले होते. शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीनचे प्रमाण वाढवण्यात आले, त्यामुळे विषमज्वरासारखे जीवाणुजन्य रोग फोफावले नाहीत. परंतु विषाणू मात्र पार झाला. या साथीतील रुग्णांचे जतन केलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ही कावीळ हिपॅटायटिस ए विषाणूची नसल्याचे स्पष्ट झाले. शुद्धीकरण केंद्र कितीही चांगले असले तरी मूळ स्रोत सांडपाण्यापासून दूर राखणे आवश्यक आहे, हा या साथीचा धडा होय.

नारू निर्मूलन

साध्या कापडाच्या गाळणीने एखादा रोग समूळ नाहीसा होण्यास हातभार लागल्याचे उदाहरण म्हणजे नारू. नारूच्या अळ्या पोटात असलेले सायक्लॉप्स पाण्यावाटे माणसाच्या शरीरात जातात. सुमारे वर्षभराने मादी कृमी बहुधा पायाच्या त्वचेतून बाहेर पडू लागते. दाह शमवण्यासाठी रुग्णाने पाय पाण्यात बुडवला की कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होते. पायऱ्या उतरून पाण्यात पाय ठेवावा लागे अशा विहिरी आणि बारव या रोगाच्या प्रसाराची मुख्य ठिकाणे होत्या. रोगावर औषध किंवा लस नव्हती. काडीभोवती गुंडाळून कृमी दररोज थोडी थोडी ओढून काढणे हाच उपाय होता. पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे.

भारतात १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडू या राज्यांत हा रोग होता आणि देशात वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण आढळत. पाणी दुपदरी कापडाने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींचे रहाटाच्या विहिरींत रूपांतर करणे, हातपंप बसवणे, पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्सनाशक टाकणे आणि रुग्णांना पाण्यात उतरण्यापासून परावृत्त करणे, हे कार्यक्रमाचे मुख्य भाग होते. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त घोषित केले.

साडीची गाळणी आणि पटकी

पटकीचा जीवाणू सुमारे दोन मायक्रोमीटर लांबीचा असल्याने कापडाने अडण्याजोगा नाही. मात्र नद्या-तळ्यांत तो मोठ्या संख्येने सायक्लॉप्ससारख्या प्लवकांना चिकटून राहतो, असे रिटा कोलवेल यांच्या संशोधनातून पुढे आले. प्लवक अडवले तर त्यांना चिकटलेले जीवाणूही अडतील, या विचारातून बांगलादेशातील मतलब भागात ६५ खेड्यांत प्रयोग करण्यात आला. जुनी सुती साडी घड्या घालून आठ पदरी केली असता तिच्यातून सुमारे २० मायक्रोमीटरहून मोठे कण जात नाहीत. वारंवार धुतल्याने जुन्या सुताचे धागे फुलतात आणि छिद्रे लहान होतात, म्हणून नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक उपयुक्त ठरते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा रीतीने पाणी गाळणाऱ्या खेड्यांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. जळण महाग असलेल्या आणि पाणी उकळणे न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी हा उपाय उपयुक्त मानला जातो. परंतु तो उकळण्याची किंवा क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही.

रासायनिक दूषितके आणि गाळण

जंतूंपासून बचाव करताना रासायनिक धोका नव्याने उद्भवू शकतो, हे बंगालच्या उदाहरणावरून दिसते. तळ्यांच्या दूषित पाण्याला पर्याय म्हणून पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांचे पाणी जंतूंच्या दृष्टीने बरेच सुरक्षित होते. पण अनेक ठिकाणी त्यात भूगर्भातील आर्सेनिक आढळले. दीर्घकाळच्या सेवनाने त्वचेवर काळे डाग, तळहात-तळपायांवर कठीण गाठी आणि कर्करोग असे परिणाम होतात.

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठर होऊन अपंगत्व येऊ शकते. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही. उलट वाफेमुळे पाणी आटल्याने त्याची संहती किंचित वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने अर्थात ‘नीरी’ने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत चुना आणि तुरटी मिसळून फ्लोराईडचे प्रमाण कमी केले जाते.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असून अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. आर्सेनिकची स्वीकारार्ह मर्यादा ०.०१, तर नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम आहे. एकूण विरघळलेल्या क्षारांचे स्वीकारार्ह प्रमाण ५०० मिलिग्रॅम आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू मुळीच आढळता कामा नये.

घरगुती पद्धती

घरात पाणी शुद्ध करण्यासाठी पुढील पद्धती वापरल्या जातात. प्रत्येकीचे कार्यक्षेत्र निराळे आहे.

• कापडाने गाळणे: गाळ, सायक्लॉप्स आणि इतर प्लवक दूर होतात. जीवाणू, विषाणू आणि क्षार राहतात. गाळणे प्रत्येक वापरानंतर धुऊन उन्हात वाळवणे आणि त्याची तीच बाजू वर ठेवणे आवश्यक असते.
• तुरटी: गढूळ पाणी निवळते. जंतूंची संख्या घटते, पण पाणी निर्जंतुक होत नाही.
• उकळणे: पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ती टिकवल्यास जीवाणू, विषाणू व परजीवी मरतात. रासायनिक दूषितकांवर परिणाम होत नाही.
• क्लोरीन: जीवाणू व बहुतेक विषाणू मरतात. औषध घातल्यावर साधारण अर्धा तास ते तासभर थांबणे आवश्यक असते. पाणी गढूळ असल्यास ते आधी गाळून घ्यावे लागते.
• चिनी मातीच्या नळकांड्यांची गाळणी: घरोघरी ‘कँडल फिल्टर’ म्हणून परिचित. परजीवी व बहुतांश जीवाणू अडतात. विषाणू पूर्णपणे अडत नाहीत. नळकांडी तडकली तर गाळणीचा उपयोग उरत नाही.
• सूर्यप्रकाश: पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीतील निवळ पाणी कडक उन्हात सहा तास ठेवल्यास त्यातील बहुतेक जंतू नष्ट होतात. आभाळ भरलेले असल्यास दोन दिवस लागतात.
• सक्रिय कोळसा: वास, रंग, क्लोरीन आणि काही सेंद्रिय रसायने शोषली जातात. क्लोरीन निघून गेल्याने असे पाणी साठवल्यास त्यात जंतू पुन्हा वाढू शकतात.
• अतिनील किरण: जंतू निष्क्रिय होतात. पाणी स्वच्छ असणे आणि वीजपुरवठा असणे आवश्यक असते.
• आरओ: अतिसूक्ष्म पटलातून दाबाने पाणी जाऊन क्षार, फ्लोराईड, आर्सेनिक आणि जंतू अडतात. या प्रक्रियेत बरेच पाणी वाया जाते. क्षारांचे प्रमाण मुळातच कमी असलेल्या पाण्यासाठी या यंत्राची गरज नसते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओच्या वापरावर निर्बंध आणण्याचे निर्देश दिले.

शुद्ध केलेले पाणी साठवताना पुन्हा दूषित होण्याची शक्यता मोठी असते. माठात किंवा पिंपात हात किंवा पेला बुडवल्याने जंतू शिरतात. झाकण, लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी असलेले भांडे वापरल्यास हा धोका कमी होतो.

महाराष्ट्रातील व्यवस्था

मुंबईला नळाने पाणी देण्यासाठी विहार तलावाची योजना १८६० मध्ये आणि तानसा योजना १८९२ मध्ये पूर्ण झाली. आज शहराच्या पाण्याचे मोठ्या प्रमाणावरील शुद्धीकरण भांडुप येथील संकुलात होते. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीने नेमलेला जलसुरक्षक स्रोताच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर मिसळण्याचे काम पाहतो. पाणवठ्यांचे स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करून जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या केंद्र सरकारच्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम अर्थात जीबीएस या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण असाधारण संख्येने आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि दूषित पाणी हे साथीचे संभाव्य कारण मानले गेले. आतड्याच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गातूनही पक्षाघातासारखी गुंतागुंत उद्भवू शकते, याकडे या घटनेने लक्ष वेधले.

गैरसमज

गाळलेले पाणी शरीरातील विषद्रव्ये काढून टाकते, वजन घटवते किंवा त्वचा उजळ करते, असे दावे जाहिरातींत आढळतात. त्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे आणि यकृत करतात. त्यासाठी पुरेसे सुरक्षित पाणी लागते, विशिष्ट यंत्राचे पाणी नव्हे. थंडगार जारचे पाणी शुद्धच असते, हा समजही चुकीचा आहे. थंडपणाने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. क्षारमापक यंत्रावर कमी आकडा दिसला म्हणजे पाणी निर्जंतुक आहे, असेही ठरत नाही, कारण हे यंत्र केवळ विरघळलेले क्षार मोजते. पाण्याची खरी गुणवत्ता प्रयोगशाळेतील जैविक आणि रासायनिक तपासणीवरूनच निश्चित होते आणि त्या तपासणीच्या निष्कर्षावरून गाळणीचा प्रकार निवडणे योग्य ठरते.

हेही पाहा

जलशुद्धीकरण • पटकी • नारू • हिपॅटायटिस ई • फ्लोरोसिस • क्लोरीन • जलसंजीवनी